दोन-स्ट्रोक एंजिनाचें तेल

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोंकास नरखेड तालुका आहे. काटोल व वरुड या शेजारच्या तालुक्यांप्रमाणें हाहि संत्र्यांचा मुलूख. संत्र्याच्या झाडावर काळी माशी उतरली कीं तिच्या पिलांच्या गोड, चिकट स्रावावर बुरशी धरते आणि पानें-फळें काजळ फांसल्यासारखीं होतात. बागाईतदार या रोगास 'कोळशी' म्हणतात. अंडीं फुटून पिलें बाहेर पडतात ते थोडे दिवसच फवारणीच्या खऱ्या उपयोगाचे. पुढें पिलें टणक होतात व औषध बरेंचसें वाया जातें. अशा दिवसांत पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारणी-पंप सकाळपासून बागेंत घुमत असतो, आणि नेमका त्याच दिवसांत एखादा पंप 'धरतो'. दोरी ओढली तरी हालत नाहीं. मिस्त्री नळकांडें उघडून पाहतो तों दट्ट्यावर उभे ओरखडे उमटलेले असतात. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पेट्रोलांत ऑईल टाकलें होतें काय?"

हा प्रश्न मोटारीच्या एंजिनाविषयीं कोणी विचारीत नाहीं. मोटारीच्या एंजिनास तळाशीं तेलाचें भांडें असतें. तेंच तेल पंपानें वर चढतें, आपलें काम करतें आणि पुन्हां खालीं उतरतें. दोन-स्ट्रोक एंजिनांत ही सोय नाहीं, कारण दट्ट्याखालची पोकळी हीच तेथें हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाची वाट आहे. दट्ट्या वर जातांना मिश्रण या पोकळींत ओढलें जातें. तो खालीं येतांना तें दाबलें जाऊन बाजूच्या मार्गानें नळकांड्यांत शिरतें. अशा जागीं तेल सांठवून ठेवतां येत नाहीं. म्हणून तेलानें पेट्रोलाच्या सोबतीनें यावयाचें, जातां जातां बेअरिंगांवर व दट्ट्यावर पातळ थर ठेवावयाचा आणि शेवटीं जळून निळ्या धुराच्या रूपानें बाहेर पडावयाचें, अशी व्यवस्था झाली. व्यवस्था उधळी खरी, पण तिच्यामुळें एंजिन फार हलकें होतें. मोटारीसारख्या झडपा नाहींत, त्या हालविणारा दांडा नाहीं आणि दर फेऱ्यास एक स्फोट. माणसाच्या पाठीवरील पंपास आणि एक-दोन माणसांना घेऊन उडणाऱ्या अतिहलक्या विमानास एकाच जातीचें एंजिन कां मानवावें, याचें उत्तर हेंच.

अशा विमानांवर ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कारखान्याचीं ५०३ व ५८२ हीं एंजिनें जगभर बसलीं. पहिलें हवेनें थंड होणारें, सुमारें ५० अश्वशक्तीचें. दुसरें पाण्यानें थंड होणारें, सुमारें ६५ अश्वशक्तीचें. दोहोंचें तेलाचें प्रमाण पन्नासास एक, म्हणजे लिटरभर पेट्रोलास २० मिलिलिटर. बागेंतल्या पुष्कळ पंपांना हेंच प्रमाण चालतें. कांहींना लिटरमागें ४० मिलिलिटर लागतें.

तेल मिसळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ज्या श्रोत्यांनीं बजाजची चेतक चालविली असेल त्यांना पहिली ठाऊक आहे. १९७२ सालीं निघालेल्या या स्कूटरच्या टाकींत पेट्रोलाबरोबर मापानें तेल टाकून घ्यावें लागे. १९८० नंतरच्या दशकांत किनेटिक होंडा आली ती तेलाची टाकी वेगळी घेऊन. एंजिनाच्या गतीवर चालणारा लहानसा पंप त्या टाकींतून तेल ओढी आणि स्वारानें मूठ पिळली असेल त्या मानानें पुरवी. रोटॅक्सचीं वरील एंजिनेंहि दोन्ही तऱ्हांनीं मिळत.

पंपाची तऱ्हा शास्त्रदृष्ट्या सरस आहे. डब्यांतल्या मिश्रणांत प्रमाण सदैव एकच राहतें. वास्तविक एंजिन मंद फिरत असतां इतक्या तेलाची गरज नसते, तें प्लगवर व धूर जाण्याच्या वाटेवर काजळी होऊन बसतें. उलट उंचावरून उतरतांना वैमानिक पेट्रोल जवळजवळ बंद करतो, पण एंजिन फिरतच असतें. मिश्रणाच्या तऱ्हेंत त्या वेळीं पेट्रोलाबरोबर तेलहि आटतें. पंप मात्र एंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्यामुळें कांहीं ना कांहीं तेल देतच राहतो.

असें असूनहि अनेक सावध वैमानिक डब्यांतल्या मिश्रणालाच चिकटून राहिले, आणि त्यांना जुनाट म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. पंपाची तार ढिली झाली, नळींत हवेचा बुडबुडा अडकला किंवा तेलाची टाकी रिकामी झाली, तरी पेट्रोल येतच राहतें. एंजिन पूर्ण जोमानें, पण कोरडें चालतें. ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापून फुगतो आणि नळकांड्यांत रुततो. मिश्रणाच्या तऱ्हेंत तेल व पेट्रोल एकाच नळींतून येतात. नळी तुंबली तर दोन्ही एकदमच थांबतात. एंजिन बंद पडतें, पण जळत नाहीं. विमान मात्र दोन्ही प्रसंगीं खालींच येतें, आणि खालीं मोकळें शेत असेलच असें नाहीं.

मिश्रणाचा धोका माणसाच्या हातांत आहे. एखाद्या सोबत्यानें मदत म्हणून कोरें पेट्रोल ओतलें कीं घात झाला. यासाठींच बहुतेक २-टी तेलांत रंग घालतात. कांचेच्या बाटलींत थोडें पेट्रोल काढून पाहिलें तर तें कोरें आहे कीं मिसळलेलें हें कळतें. एकटा माणूस स्वतःच्या हातानें विमान भरीत असेल तर मिश्रण बरें. जेथें अनेक हात लागतात तेथें पंप बरा, मात्र दर उड्डाणापूर्वीं तेलाची टाकी व तार पाहिलीच पाहिजे. पंपाची नळी सोडवून पुन्हां जोडली असेल तर पहिली टाकी मिश्रणाचीच भरण्याची चालहि शहाणपणाची आहे.

तेल जास्त टाकलें म्हणजे एंजिन अधिक सुखांत राहील, ही समजूत बागेंत व शहरांत सारखीच पसरलेली आहे. तेल वाढलें कीं तेवढ्या मापांत पेट्रोल कमी होतें, हवेचें प्रमाण चढतें आणि एंजिन थंड राहण्याऐवजीं थोडें अधिकच तापतें. शिवाय दट्ट्याच्या कड्या काजळीनें चिकटतात. धुराचा त्रास वेगळाच. दिल्लींत १९९८ च्या अखेरीस पेट्रोल पंपांवर सुटें तेल विकण्यास बंदी झाली ती या धुरापायींच.

पुढें चेतकनेंहि चार-स्ट्रोक एंजिन घेतलें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वैमानिक शाखेसाठीं २०१५ च्या करारान्वयें आलेलीं व्हायरस जातीचीं हलकीं विमानें रोटॅक्सच्याच चार-स्ट्रोक एंजिनावर उडतात. संत्र्याच्या बागेंत मात्र दोन-स्ट्रोक अजून टिकून आहे, कारण किलोभर वजन वाढलें तरी तें दिवसभर माणसाच्याच पाठीवर येतें. तेथें जाणता बागाईतदार पंपाच्या टाकींत तेल कधीं ओतीत नाहीं. वेगळ्या डब्यांत आधीं अर्धें पेट्रोल, मग मापलेलें तेल, मग उरलेलें पेट्रोल घालून तो डबा चांगला हालवितो. हंगाम संपला कीं टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवितो. नाहीं तर कार्ब्युरेटरांतलें पेट्रोल उडून जातें, तेलाचा चिकटा तेवढा मागें राहतो, आणि पुढच्या फवारणीच्या सकाळीं दोरी कितीहि ओढली तरी पंप सुरू होत नाहीं.