शब्द खरा, अर्थ खोटा

पंचशीलातील चौथे शील मुलांना सर्वांत सोपे वाटते. खोटे बोलू नये, हे बालवर्गातील मुलालाही कळते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाचही शिलांत समजण्यास अवघड असे हेच असावे. कारण खोटे कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ शब्दांकडे पाहून मिळत नाही.

निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हातातील बांगडी फुटली, तर ती 'वाढली' असे जुन्या पिढीतील स्त्रिया म्हणतात. शब्दशः पाहिले तर दोन्ही विधाने वस्तुस्थितीच्या उलट आहेत. तरीही कोणाची फसवणूक होत नाही, कारण त्या शब्दांचा अर्थ बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही ठाऊक असतो. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या, त्या यासाठीच: सरळ अर्थ देणारी अभिधा, सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी निगडित अर्थ देणारी लक्षणा, आणि न उच्चारलेले सुचविणारी व्यंजना. आपले रोजचे बोलणे या तिन्हींवर चालते.

याच्या अगदी उलट उदाहरण महाभारतात आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. द्रोणाचार्यांनी युधिष्ठिराला विचारले, तेव्हा त्याने अश्वत्थामा मेल्याचे सांगितले आणि 'हत्ती' हा शब्द ऐकू येणार नाही इतक्या हळू उच्चारला. त्याच्या वाक्यातील एकही शब्द असत्य नव्हता. परंतु द्रोणाचार्यांच्या मनात उमटलेला अर्थ असत्य होता, आणि तो तसाच उमटावा अशीच योजना होती. तेथपर्यंत जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला, असे महाकाव्य सांगते. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार मराठीने येथूनच घेतला.

एकीकडे शब्द चुकीचे असून असत्य नाही, दुसरीकडे शब्द बरोबर असून असत्य आहे. मग असत्य राहते कोठे? 'अट्ठसालिनी' या पाली अट्ठकथेत मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत: गोष्ट खरी नसणे, फसविण्याचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि समोरच्याला तो अर्थ कळणे. हा प्रयत्न वाणीने होतो, तसाच शरीरानेही होतो, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे नुसती मान हलवूनही खोटे सांगता येते. उलट, भिक्षूंच्या विनयानुसार घाईत भलतेच बोलून गेलेला, किंवा एक म्हणायचे असता दुसरेच तोंडून निघालेला भिक्षू दोषी ठरत नाही. दोष जाणूनबुजून फसविण्यात आहे. त्या दोषाचे मापही तीच अट्ठकथा देते: त्या बोलण्याने दुसऱ्याचे जेवढे हित बिघडते, तेवढा दोष मोठा.

हे विवेचन वसतिगृहात रोज उपयोगी पडते. 'अभ्यास झाला का?' या प्रश्नाला 'वही पूर्ण आहे, सर' असे उत्तर येते. वही खरोखरच पूर्ण असते; शेजाऱ्याच्या वहीवरून ती उतरवलेली असते. घरून फोन येतो, आई विचारते, 'जेवलास का रे?' मुलगा म्हणतो, 'हो आई, जेवलो.' अंगात ताप असल्याने दोनच घास पोटात गेलेले असतात, ते तो सांगत नाही. पहिल्या उत्तरामागे शिक्षेची भीती आहे, दुसऱ्यामागे आईची माया. दोघांना एकाच तराजूत तोलणे योग्य होणार नाही. तरीही दुसऱ्या उत्तरानेही आईला जे कळायला हवे होते ते कळत नाही, आणि ताप वाढला तर त्या प्रेमळ शब्दांची किंमत मोठी ठरू शकते. म्हणून मुलांना आम्ही 'खरे शब्द बोला' एवढेच सांगत नाही. 'माझ्या बोलण्यावरून समोरचा काय समजेल आणि ते खरे आहे का?' हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा, असे सांगतो.

भगवान बुद्धांनी राहुलाला हाच विषय शिकवताना जवळचे पाण्याचे भांडे घेतले. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व तसेच रिते. मग त्यांनी आरशाची उपमा दिली: प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ती तपासून पाहावी. या सर्व उपदेशात शिक्षेची धमकी कोठेही नाही.

राजस्थानातील बैराट येथे १८४० मध्ये सापडलेल्या आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धम्मवचनांची नावे दिली आहेत. राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश त्यांपैकी एक आहे. ही वचने भिक्षू-भिक्षुणींनी, तसेच उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावीत व त्यांचे चिंतन करावे, अशी त्याची इच्छा होती. एका मुलाला दिलेला धडा सम्राटाने प्रौढांसाठी दगडावर कोरून ठेवला.

पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनी त्यातून आपला वाटा उचलायला हवा. दारी आलेल्याला 'बाबा घरी नाहीत' असे मुलाकरवी सांगितले, की शीलाचा पाठ तेथेच पुसला जातो. खरे सांगितल्यावर मुलाला फक्त मार मिळत असेल, तर पुढच्या वेळी तो 'वही पूर्ण आहे' असे म्हणायला शिकतो. 'जेवलास का?' यापाठोपाठ 'किती जेवलास, बरे वाटतेय ना?' असे विचारले आणि उत्तर शांतपणे ऐकून घेतले, तर मुलाला खरे सांगणे सोपे जाते.