सव्वीस अक्षरं आणि एक तळघर

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या शंभर नंबरच्या दारातून आत शिरलं की पायऱ्या थेट खाली जातात. बाहेर जानेवारीची बोचरी थंडी, आत शे-दोनशे माणसांच्या श्वासांची ऊब. चौथ्या-पाचव्या पायरीलाच चष्म्यावर वाफ धरते. ती पुसून समोर बघेपर्यंत लाल भिंती, फ्रेममधले जुने फोटो आणि खोलीच्या मध्यात छताला टेकलेले खांब दिसायला लागतात. हा हंड्रेड क्लब. १९४२पासून इथे संगीत वाजतं आहे, आधी जॅझ आणि मग बाकी सगळं. १९७६च्या सप्टेंबरात दोन रात्री इथे पंक बँडांचा महोत्सव झाला. सेक्स पिस्टल्स, द क्लॅश, द डॅम्ड, बझकॉक्स त्यात वाजले आणि तळघराचं नाव संगीताच्या इतिहासात गेलं.

जागा तशी लहानच आहे, साडेतीनशे माणसांत भरून जाते. रंगमंच जेमतेम गुडघ्याएवढा उंच आणि खोलीच्या लांब भिंतीला टेकलेला, त्यामुळे मागचा प्रेक्षकही गायकापासून फार लांब नसतो. मी डावीकडच्या खांबाशी उभा राहतो. पाठीला आधार मिळतो आणि गिटारवाल्याची बोटं दिसतात. दर जानेवारीत इथे वाजवायचं हा यूके सब्ज या बँडचा बरीच वर्षं रिवाज राहिला आहे आणि त्यांना ऐकायला मी अनेकदा या पायऱ्या उतरलो आहे. ज्या रात्रीबद्दल लिहितो आहे, तेव्हा त्यांचा गायक चार्ली हार्पर सत्तरीच्या पुढे गेला होता. त्याला सगळे चार्लीच म्हणतात. मीही एकेरीतच लिहितो, आपल्याकडे आवडत्या गायकाबद्दल लिहितात तसं.

चार्लीचा जन्म १९४४चा. म्हणजे १९७६ साली हा बँड उभा राहिला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि भोवतालची पंक पोरं अठरा-एकोणीसची. दक्षिण लंडनमध्ये केस कापण्याचा त्याचा व्यवसाय होता. साठच्या दशकापासून तो रिदम अँड ब्लूज गात होता आणि हार्मोनिका वाजवत होता. पंकची लाट आली तेव्हा तो तिच्यात शिरला तो बऱ्याच वर्षांची तालीम गाठीला बांधून. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचं संगीत, असा एक समज आहे. ज्याने या माणसाला काम करताना पाहिलं, त्याचा तो समज टिकत नाही.

कार्यक्रमाआधीचा अर्धा तास मला फार आवडतो. ड्रमवाला झांजेचा स्टँड बोटभर सरकवतो, परत बसून बघतो, परत सरकवतो. गाण्यांची यादी जाड मार्करने कागदावर लिहिलेली असते आणि ती काळ्या चिकटपट्टीने जमिनीवर चिकटवतात, प्रत्येकाच्या पायाशी एक. त्या यादीत पंचवीस-तीस नावं सहज असतात, कारण गाणी दोन-दोन मिनिटांची. एवढी गाणी सवा तासात बसवायची म्हणजे दोन गाण्यांमध्ये दम खायला जागा नाही. शेवटचा ठोका विरायच्या आत ड्रमवाला काठीवर काठी मारून चार मोजतो आणि पुढचं गाणं सुरू होतं. मधल्या दोन सेकंदांत गिटारवाल्याला सूर तपासायचा असतो, चार्लीला पाण्याचा घोट घ्यायचा असतो.

चार्लीच्या गाण्यातली खुबी मला फार उशिरा कळली. पहिल्या एक-दोन कार्यक्रमांत मी त्याचे नुसते उभे राहिलेले केस आणि हसरा चेहरा बघत होतो. पुढे श्वासाकडे लक्ष गेलं. तो ओरडतोय असं वाटतं, पण घसा ताणून तो ओरडत नाही. ओळ तोडून गातो, शब्दाचा शेवट आखूड ठेवतो आणि धृपदाची ओळ अर्धी प्रेक्षकांना देऊन टाकतो. प्रेक्षक ती उचलतात आणि तेवढ्यात त्याचा श्वास भरून होतो. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, हे त्याच्या मनगटाला पाठ आहे. हार्मोनिका कुठून निघाली आणि कुठे गेली, ते दिसतसुद्धा नाही. पन्नास वर्षं जत्रेजत्रेतून फड घेऊन फिरलेल्या जुन्या तमाशगीराची आठवण व्हावी, इतकं हे अंगात मुरलेलं काम आहे. आवाज किती उरलाय हे त्याला ठाऊक असतं आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तो पुरवायचा असतो.

'वॉरहेड' या त्यांच्या गाण्याची सुरुवात एकट्या बेसने होते. तळघरात ते सूर कानाला कळायच्या आधी पायाला कळतात, फळ्यांमधून वर येतात. पुढच्या रांगेतली माणसं, बहुतेक पन्नाशी-साठीची, उड्या मारायला लागतात. माझ्या पुढचा एक थोराड गृहस्थ पाय घसरून पडला. क्षणात चार हात खाली गेले, त्याला बखोटीला धरून उभं केलं, कुणीतरी त्याची टोपी परत त्याच्या डोक्यावर ठेवली आणि गाण्याचा ठोका कुणाचाच चुकला नाही. पडलेल्याला उचलायचं हा इथला नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

आता रेकॉर्डांकडे येतो.

यूके सब्जच्या अल्बमांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने चालतात. १९७९ साली 'अनदर काइंड ऑफ ब्लूज' आला, ए. मग 'ब्रँड न्यू एज', बी. 'क्रॅश कोर्स', सी, हा प्रत्यक्ष कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण असलेला अल्बम १९८०मध्ये ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यानंतर 'डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी', 'एन्डेन्जर्ड स्पीशीज', 'फ्लड ऑफ लाइज'. लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं, रेकॉर्ड कंपन्या बदलल्या, वादक आले-गेले, तरी अक्षरं पुढे सरकतच राहिली. २०१३ साली एक्सची पाळी आली तेव्हा अल्बमला नाव दिलं 'एक्सएक्सआयव्ही', रोमन आकड्यांत चोवीस, कारण एक्स हे चोविसावं अक्षर. २०१६ साली झेड आला, 'झीझो'. तो डच शब्द आहे, काम उरकल्यावर 'चला, झालं' म्हणावं तशा अर्थाचा. ए ते झेड, सदतीस वर्षं.

हे कळल्यावर माझ्या संग्रहाला आकार आला. कपाटात सव्वीस कप्पे केले. आधी मी मिळेल ते उचलत होतो, आता एकेक अक्षर शोधायला लागलो.

तबकडी हाताळायचे धडे मात्र मला साताऱ्यात मिळालेले. वडिलांकडे सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या 'गीतरामायणा'च्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी होत्या. कडेने धर, मधल्या कागदावर अंगठा ठेव, खाचांना बोट लागू देऊ नकोस, हे मी आठ वर्षांचा असताना ऐकलं ते हाताला कायमचं लागलं. सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवर, हंड्रेड क्लबपासून चालत पाच-सात मिनिटांवर, जुन्या रेकॉर्डांची दुकानं आहेत. तिथे कव्हरमधून तबकडी बाहेर काढतो तेव्हा माझे हात वडिलांचे असतात.

पारखायची रीत अशी. आधी कव्हर, कडा फाटल्यात का, ओल लागली आहे का. मग तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. सरळ उजेडात ओरखडा लपतो, तिरक्या उजेडात उठून दिसतो. केसासारखी बारीक रेघ बहुधा ऐकू येत नाही. नख अडकेल असा खोल ओरखडा मात्र दर फेरीला टक् करतोच. मधल्या भोकाभोवती कागदावर चरे असतील तर समजावं की ही बरीच वाजली आहे, दांडीवर चाचपडत ठेवताना ते पडतात. शेवटी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक बघायचा. एकदा टपालाने मागवलेली एक तबकडी उन्हात ठेवलेल्या पापडासारखी वर आली होती. विकणाऱ्याने वर्णनात 'उत्तम' लिहिलं होतं आणि पुढे पत्रांना उत्तर दिलं नाही. तेव्हापासून शक्यतो हातात घेऊनच विकत घेतो.

गाणी संपतात तिथून मधल्या कागदापर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात काही अक्षरं-आकडे कोरलेले असतात. ते आधी वाचावेत. कव्हर बदलता येतं, ही कोरीव नोंद बदलता येत नाही. तबकडी कोणत्या साच्यातून निघाली, पहिल्या खेपेची की नंतरची, ते तिथे कळतं.

यूके सब्जच्या बाबतीत रंग हा आणखी एक ध्यास. 'अनदर काइंड ऑफ ब्लूज' निळी आहे, 'ब्रँड न्यू एज' पारदर्शक, 'क्रॅश कोर्स' जांभळी, 'डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी' लाल. १९७८चा त्यांचा पहिला सिंगल 'सी.आय.डी.' तर वेगवेगळ्या रंगांत निघाला. दुकानदारांना ही युक्ती ठाऊक होती, एकच गाणं पोरं दोनदा विकत घेत. तरी मला त्या रंगांचा राग येत नाही. तबकडी ज्या पीव्हीसीची बनते ते मुळात काळं नसतंच, काजळी मिसळून ते काळं होतं. कारखान्यात पीव्हीसीचे दाणे वितळवून त्याचा लाडूएवढा मऊ गोळा करतात. त्याच्या खाली-वर दोन कागदी लेबलं ठेवतात. ही लेबलं आधी भाजून पूर्ण कोरडी केलेली असतात, कारण ओलावा राहिला तर दाबाखाली वाफ होऊन फोड येतात. मग निकेलच्या दोन साच्यांमध्ये तो गोळा सापडतो. साचे वाफेने तापलेले असतात आणि दाब शंभर टनांच्या आसपास. गोळा पसरतो, खाचा उमटतात, लेबल डिंकाशिवाय चिकटतं. लगेच गार पाणी फिरवून तबकडी घट्ट करतात आणि कडेला आलेली झालर कापून टाकतात. सारं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. दाण्यांत काजळीऐवजी निळा रंग पडला की निळी तबकडी, काहीच पडलं नाही की पारदर्शक.

पारदर्शक तबकडीचा त्रास असा की दोन गाण्यांमधली रिकामी फट दिसत नाही, त्यामुळे हव्या त्या गाण्यावर सुई टाकताना अंदाजच करावा लागतो. आणि फटीच मोजायच्या तर निळ्या 'अनदर काइंड ऑफ ब्लूज'वर सतरा गाणी आहेत.

पहिला सिंगल निघाला त्याच वर्षी 'फेअरवेल टू द रॉक्सी' नावाचा एक संग्रह आला, कॉव्हेंट गार्डनच्या रॉक्सी क्लबमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. त्यात यूके सब्जची दोन गाणी आहेत. ती तबकडी मला जपून ठेवावीशी वाटते, कारण तिच्यात खोली ऐकू येते. माइकचं किंचाळणं, प्रेक्षकांतलं कुणीतरी, घाई. पुढच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी जास्त स्वच्छ आहेत, पण तळघरात उभं राहून जे ऐकलं त्याच्या जवळ जाणारी तीच.

पैशांबद्दल एक सांगायला हवं. 'एन्डेन्जर्ड स्पीशीज'मधलं 'डाउन ऑन द फार्म' १९९३ साली गन्स एन' रोझेसने आपल्या अल्बमवर घेतलं आणि हे गाणं जगभर पोचलं. अशी गोष्ट एखाद्याच बँडच्या वाट्याला एखाद्याच वेळी येते. बाकीच्या वर्षांचा हिशेब गाड्या, प्रवास आणि तळघरं यांवरच चालतो. म्हणूनच कार्यक्रम संपल्यावर दाराजवळ टेबलावर मांडलेले टी-शर्ट आणि रेकॉर्डी मला महत्त्वाच्या वाटतात. जुन्या दुर्मिळ तबकडीसाठी दलालाला दिलेल्या रकमेतला एक पैसाही गायकापर्यंत जात नाही. टेबलावर दिलेले पैसे जातात.

त्या रात्री 'झीझो' मी तिथूनच घेतली. शेवटचं गाणं होऊन वीस मिनिटं झाली असतील. चार्ली घामाने भिजलेल्या शर्टावर जाकीट चढवून टेबलाशी येऊन उभा होता. रांगेतल्या प्रत्येकाशी बोलत होता, एकेका कव्हरवर सावकाश सही करत होता. माझ्या पुढे एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. तिच्या हातात निळी 'अनदर काइंड ऑफ ब्लूज' होती, कव्हरचे कोपरे झिजलेले. बहुधा घरातल्या कुणाची असावी. त्याने ती उलटून-पालटून पाहिली आणि मग सही केली.

माझ्या सव्वीस कप्प्यांपैकी काहींत आजही सीडीच आहे, कारण नव्वदच्या दशकातल्या तबकड्या थोड्या निघाल्या आणि कमी हातांत गेल्या. एक कप्पा मात्र अजून पूर्ण रिकामा आहे, एनचा. १९९३चा 'नॉर्मल सर्व्हिस रिझ्यूम्ड'. कुणाच्या माळ्यावर ही एलपी पडून असेल आणि तिच्यावर सुई टेकत नसेल, तर मला जरूर कळवा. मी ती वाजवेन.