मोटारसायकलचं सीट घरीच बनवा, पण फोम बघून घ्या

दुधाचे कॅन, खताच्या गोण्या वाहून सीट दबतं, मग खड्ड्यातला दणका थेट कमरेला बसतो. सीट घरीही नवं करता येतं. ते काढून उलटं करा, पिना उचकटा. जुनं कव्हर उसवून त्याच मापाने रेक्झिन कापून शिवा.

खरी फसगत फोममध्ये होते. गादीचा मऊ फोम हाताला छान लागतो, पण लवकर बसतो. दाट, कडकच घ्या. जाडी वाढवली तर शिवण्याआधी गाडीवर बसून पाय टेकतात का बघा. चिखलात तेच सांभाळतं.

शिवणीतून पाणी मुरतं, म्हणून फोमवर प्लास्टिकचा कागद हवाच. रेक्झिन उन्हात तापवून ओढा, आधी पुढे-मागे, मग बाजूंनी पिना मारा.