एका वर्षाची चाचणी, आयुष्यभराचा हिशेब

स्तनांच्या कर्करोगाच्या ज्या प्रकारात पेशींवर हर-टू हे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते, त्यावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध दिल्याने काय साधते, हे ‘हेरा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार औषध न मिळालेल्या १,६९३ स्त्रियांपैकी २२० जणींच्या, तर ते मिळालेल्या १,६९४ पैकी १२७ जणींच्या बाबतीत रोग उलटला, नवा कर्करोग उद्भवला किंवा मृत्यू ओढवला. फरक ठळक होता. परंतु तोवरचा पाठपुरावा सरासरी एका वर्षाचाच होता आणि सार्वजनिक पैशातून हे औषध द्यावे की नाही, हे ठरवणाऱ्यांना रुग्णाच्या उरलेल्या सबंध आयुष्याचा विचार करावा लागतो.

त्यासाठी आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ ‘गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष’ हे एकक वापरतात. पूर्ण आरोग्यात काढलेल्या वर्षाचे मोल एक धरले, तर निम्म्या गुणवत्तेने काढलेली दोन वर्षे त्याच्या बरोबरीची ठरतात. असे एक वर्ष मिळवण्यास किती जादा खर्च येतो, हे काढण्यासाठी रोगमुक्त, रोग उलटलेली, रोग शरीरात पसरलेली आणि मृत अशा अवस्थांतून रुग्ण कालांतराने कसे सरकतात, याचे गणिती प्रारूप बांधले जाते. औषधाने धोका किती पटीने घटतो, हे चाचणीतून घ्यावे लागते, कारण रुग्णांची गटांत यादृच्छिक विभागणी झाल्याने तो फरक औषधाचाच मानता येतो. मात्र मुळातला धोका स्थानिक कर्करोग नोंदणीतून, इतर कारणांनी होणारे मृत्यू लोकसंख्येच्या आयुर्मान-सारण्यांतून आणि खर्च प्रत्यक्ष रुग्णालयांतून घेणे योग्य. ट्रॅस्टुझुमॅबमुळे हृदयाची ताकद घटू शकत असल्याने उपचार चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको काढावा लागतो, आणि तो खर्चही या बेरजेत धरायला हवा.

सर्वांत नाजूक प्रश्न असतो तो लाभ किती वर्षे टिकेल, याचा. हेराचे अकरा वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, तेव्हा दहा वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण औषध न दिलेल्या गटात ६३ टक्के, तर वर्षभर दिलेल्या गटात ६९ टक्के होते. परंतु पहिल्या निष्कर्षांनंतर औषध न दिलेल्या गटातील ५२ टक्के स्त्रियांनीही ते घेतले असल्याने हा फरकसुद्धा औषधाचे पूर्ण माप देत नाही. म्हणजे दीर्घ चाचणीलाही इतर पुराव्याची जोड लागतेच.

भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत अशा मूल्यमापनाची यंत्रणा उभी राहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात वर्षभराचे ट्रॅस्टुझुमॅब तत्कालीन किमतीला किफायतशीर ठरले नाही. किंमत १५ ते ३५ टक्क्यांनी उतरली, तर ते तसे ठरण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती. औषधाच्या दराची बोलणी करताना सरकारच्या हाती असावा तो नेमका हाच आकडा. म्हणून त्यामागील प्रत्येक गृहीतक रुग्णांना आणि डॉक्टरांना तपासता येईल अशा रीतीने प्रसिद्ध झाले पाहिजे.