क्रियापद कोणाचं ऐकतं?

‘कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते’ ही व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात आणि परीक्षेत ‘राजूने आंबा खाल्ला’ समोर आलं की अडखळतात. पण मराठी घरातलं एकही मूल ‘राजूने कैरी खाल्ला’ असं बोलणार नाही. नियम त्याला शाळेत येण्याआधीच येत असतो, फक्त आपल्याला तो येतो हे त्याला माहीत नसतं. व्याकरणाचा खेळ करायचा तो यासाठी.

सामान घरातलंच. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, कात्री आणि तीन रंगांची स्केचपेनं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, पानं, बिया यांचंच शैक्षणिक साहित्य केलं होतं. विकतच्या संचावाचून काही अडत नाही.

निळ्या रंगात राजू, मीना, मुलं. हिरव्यात आंबा, कैरी, केळं. लाल रंगात खातो, खाते, खातात, खाल्ला, खाल्ली, खाल्लं. शिवाय ‘ने’ची एक छोटी चिठ्ठी. चार-पाच मुलांच्या गटाला एक संच पुरतो.

‘राजू आंबा खातो’ हे पत्ते मांडा. राजूच्या जागी मीना आली की लाल पत्ता बदलावा लागतो. आंब्याच्या जागी कैरी आली तर लागत नाही. आता ‘ने’ची चिठ्ठी लावा: ‘राजूने आंबा खाल्ला’. राजू काढून मीना ठेवली की सवयीने हात लाल पत्त्याकडे जातात आणि तिथेच थांबतात, कारण ‘मीनाने आंबा खाल्ला’ हेच बरोबर असतं. मग आंबा काढून कैरी ठेवली की ‘खाल्ली’ शोधायची धावपळ उडते. क्रियापद आता कोणाचं ऐकतंय, असं विचारलं की मुलं आपल्या शब्दांत कर्मणी प्रयोगाचा नियम सांगतात. कर्तरी, कर्मणी ही नावं त्यानंतर द्यावीत, आधी नाही. ‘मुलं’ला ‘ने’ चिकटत नाही, ‘मुलांनी’ असा नवाच पत्ता करावा लागतो, हेही तेव्हाच लक्षात येतं आणि सामान्यरूपाचा विषय आपोआप निघतो. ‘मी’ आणि ‘तू’ मात्र सुरुवातीला बाजूला ठेवा. त्यांना ‘ने’ लागत नाही आणि ‘तू आंबा खाल्लास’मधला ‘स’ नवा गोंधळ घालतो. भावे प्रयोग दुसऱ्या दिवशी: ‘शिपायाने चोराला पकडलं’, इथे क्रियापद कोणाचंच ऐकत नाही.

घरी अहिराणी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचा कान वेगळं उत्तर देईल. त्याला चूक म्हणू नये. फळ्यावर ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’ असे दोन रकाने करून दोन्ही रूपं लिहावीत.

लेखनासाठी मला सर्वांत भावतो तो वर्णनाचा खेळ. एकाने खलबत्ता, कंदील अशा एखाद्या वस्तूचं नाव न घेता पाच वाक्यांत वर्णन लिहायचं, दुसऱ्याने ते वाचून चित्र काढायचं. कंदिलाची कडी चित्रात तळाला गेली, तर ‘वरच्या बाजूला’ हे शब्द राहून गेलेत हे लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं आणि तो वाक्य पुन्हा लिहितो. शिक्षकांच्या लाल शेऱ्याने हे सहसा साधत नाही, कारण शेरा वाचून मुलं वही मिटतात.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: चुकेल तो बाद. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तेच मूल पहिल्या फेरीत भिंतीला टेकून बसतं. गुण द्यायचेच तर गटाला द्यावेत.

येत्या आठवड्यातल्या एखाद्या तासिकेला पत्ते मुलांकडूनच कापून घ्या. शब्दही त्यांनाच निवडू द्या, फक्त हिरव्या पत्त्यांत तिन्ही लिंगांची नामं येतील एवढं पाहा.