तीन टक्के नव्हे, छत्तीस टक्के

“बँक बारा मागते, हा तीनच टक्के घेते. मंग बँकेत कायले जायचं?” सावनेरच्या बाजारात, खापरखेड्याला वीज केंद्राजवळच्या टपरीवर, पाटणसावंगीच्या बसथांब्यावर हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याची चीड येते. विचारणारा माणूस मूर्ख नसतो. कापसाच्या गाठोड्याचं वजन नजरेने सांगणारी, संत्र्याच्या बागेचा सौदा तोंडी हिशेबाने करणारी ही माणसं आहेत. पण कर्जाच्या बाबतीत ती दोन वेगळी मापं शेजारी ठेवून बघतात. बँकेचे बारा टक्के वर्षाचे असतात. सावकाराचे ‘शेकडा तीन’ महिन्याचे असतात. वर्षाचा हिशेब लावला तर ते छत्तीस होतात. बँकेच्या तिप्पट.

हे कळल्यावरही पुष्कळजण म्हणतात, “असू दे, महिन्याला दीड हजारच जातात.” म्हणून आकडे मांडूनच बघू.

50,000 रुपये शेकडा तीनने घेतले, तर महिन्याला 1,500 रुपये व्याज. अनेक घरांत एवढंच नियमाने भरलं जातं आणि ‘आपण फेडतो आहोत’ असं वाटत राहतं. प्रत्यक्षात मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही. चौतिसाव्या महिन्यात व्याजापोटी 51,000 रुपये गेलेले असतात आणि 50,000 तसेच डोक्यावर उभे असतात.

आता समजा, ओढाताण करून महिन्याला 2,000 भरले आणि सावकाराने वरचे पैसे मुद्दलात धरले. तरी कर्ज फिटायला 47 महिने लागतात आणि एकूण सुमारे 93,800 रुपये जातात. तेच 50,000 वर्षाला 12 टक्क्यांनी घेतले आणि तेच 2,000 भरले, तर 29 महिन्यांत सुटका होते आणि एकूण सुमारे 57,800 जातात. घर तेच, कमाई तीच, हप्ताही तोच. फरक 36,000 रुपयांचा. शिवाय व्यवहारात बरेच सावकार मुद्दल तुकड्यांनी घेतच नाहीत. ‘देशील तं एकरकमी दे’ म्हणतात, कारण मुद्दल जिवंत राहण्यातच त्यांची कमाई आहे. काहीजण पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घेतात. कागदावर 50,000, हातात 48,500.

बाजारातल्या छोट्या दुकानदारांची रोजची वसुली तर याहून वाईट. हातात 9,000 द्यायचे आणि शंभर दिवस रोज 100 रुपये न्यायचे. वर ‘हजारच तर जास्त घेतले’ म्हणायचं. पण ते 9,000 शंभर दिवस दुकानदाराकडे राहत नाहीत, दुसऱ्याच दिवसापासून परत जायला लागतात. हिशेब केला तर हा दर वर्षाला सत्तर टक्क्यांच्या वर जातो.

या गैरसमजाचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो काटकसरीला. कर्ज वाढलं की घरात पहिली कात्री कुठे लागते? दुधाला, फळांना, मुलीच्या शिकवणीला, बाईच्या औषधाला. रोजचं अर्धा लिटर दूध 30 रुपयांचं धरा. ते पूर्ण बंद केलं तर वर्षाला 10,950 रुपये वाचतात. आणि 50,000 चं कर्ज छत्तीसवरून बारा टक्क्यांवर आणलं तर पहिल्याच वर्षी व्याजात सुमारे 12,000 वाचतात. म्हणजे पोराचं दूध तोडूनही जे साधत नाही, ते कर्जाची जागा बदलून साधतं. तरी घरोघरी ‘बायकांचा हात सैल आहे’ म्हणून दोष स्वयंपाकघराला दिला जातो. हे मला अजिबात मान्य नाही. विदर्भातल्या शेतमजुराच्या किंवा कंत्राटी कामगाराच्या घरात उधळायला मुळात काही नसतंच. साखर मोजून टाकणाऱ्या घरातून दरमहा दीड हजार व्याज निमूटपणे बाहेर जातं आणि त्याला मात्र कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

“पण वेळेला तोच धावून येते” हे उत्तर मी मनापासून ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे. रात्री दहा वाजता माणसाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं असेल, तर बँकेचा अर्ज कामाचा नाही. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदमच येतात, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, पैसा मात्र दिवाळीनंतर दिसतो. म्हणून त्या रात्री पैसे कोणाकडून घेतले याचा दोष देऊ नये. खरा प्रश्न पुढच्या महिन्याचा आहे. संकट आठ दिवसांत संपतं आणि छत्तीस टक्के तीन वर्षं चालू राहतात. निकड भागली की ते कर्ज स्वस्त जागी हलवता येतं, हेच अनेकांच्या मनात येत नाही.

जागा आहेत. कपाटात सोनं असेल तर बँकेत ते तारण ठेवून मिळणारं कर्ज सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. अंगावरचं सोनं बँकेत ठेवलं तर अब्रू जाते असं मानणारी घरं दारात येणारा वसुलीवाला मात्र सहन करतात. मुदत ठेव असेल तर ती न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसीवरही बहुधा मिळतं. खाणीत किंवा वीज केंद्रात कायम नोकरी असणाऱ्यांना पगारदारांच्या पतसंस्थेचा मार्ग असतो. बायका बचत गटात असतील तर गटाच्या बँक कर्जाचा. यातलं काहीच नाही असं घर क्वचित सापडतं. मात्र एक अट पाळायचीच. सोन्यावर घेतलेला पैसा थेट सावकाराच्या हातात गेला पाहिजे. मध्येच त्यातून मोबाइल घेतला की एकाची दोन कर्जं झाली. आणि बँकेचं व्याज थकलं तर सोन्याचा लिलाव होतो, हेही आधीच लक्षात ठेवावं.

आणखी एक गोष्ट सांगितली की लोक विश्वास ठेवत नाहीत, म्हणून कायद्याचं नाव घेऊन सांगतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही मन मानेल तो दर लावता येत नाही. राज्य सरकारने सप्टेंबर 2014 मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा अशी: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. इतरांना तारणावर 15 टक्के, विनातारण 18 टक्के. अठरा म्हणजे महिन्याला दीड. तेव्हा ‘तीनच’ ज्याला म्हणतात तो दर कायद्याच्या वरच्या टोकाच्या दुप्पट आहे, आणि शेतकऱ्याला विनातारण दिला असेल तर तिप्पट. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, हे दामदुपटीचं जुनं तत्त्वही या कायद्यात आहे. वरच्या उदाहरणातला माणूस चौतिसाव्या महिन्यात ती रेषा ओलांडून गेलेला असतो आणि त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकारी संस्था) करता येते. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन किंवा घर परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असला तर.

आणि हे काही आजचं नाही. सावनेर जेव्हा मध्य प्रांतात होतं, तेव्हा तिथे 1933 मध्ये कर्ज तडजोडीचा आणि 1934 मध्ये सावकारीचा कायदा झाला होता. मुंबई प्रांताचा सावकारी कायदा त्यानंतर, 1946 चा. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांनाही हे व्याज घरं बुडवतं हे समजलं होतं. आपल्या घराघरांत ते अजून पोचलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

मग फेड कुठून सुरू करायची? एका कागदावर घरातली सगळी कर्जं लिहा: किराण्याची उधारी, फायनान्सची गाडी, गटाचं कर्ज, सोसायटीचं पीक कर्ज, सावकार. प्रत्येकापुढे रक्कम नव्हे, वर्षाचा दर लिहा. सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवा आणि वाचलेला प्रत्येक जास्तीचा रुपया सर्वात चढ्या दराच्या कर्जावर टाका. ते फिटलं की त्याचा पूर्ण हप्ता पुढच्यावर. कापूस, सोयाबीन किंवा संत्र्याचे पैसे एकदम येतात, तोच मुद्दल तोडायचा दिवस असतो. लग्नसराई त्याच सुमारास सुरू होते, म्हणून तो पैसा घरी आणण्याआधीच सावकाराकडे पोचवून पावती घ्यावी. पावती देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता राहिलेले गैरसमज, थोडक्यात.

‘कर्ज असताना बचत कशाला?’ सावकाराकडे 36 टक्क्यांनी कर्ज आणि बँकेत 7 टक्क्यांनी मोठी ठेव, हे चूकच. पण अडीअडचणीला चार-पाच हजार हाताशी हवेतच, नाहीतर पहिल्याच तापाला पुन्हा तोच दरवाजा ठोठावावा लागतो.

‘दवाखान्यासाठी कर्ज काढावंच लागते.’ आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार आणि तो दवाखाना बसतो का, ते विचारा. 2023 च्या शासन निर्णयाने तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत नेलं आहे.

‘बारा टक्के फ्लॅट म्हणजे बाराच.’ नाही. एक लाखावर दोन वर्षं 12 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे साडेएकवीस टक्के, कारण फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागतं.

‘झिरो टक्क्यावर फ्रिज मिळते.’ व्याज प्रक्रिया शुल्कात नाहीतर न मिळालेल्या रोखीच्या सवलतीत लपलेलं असतं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावलं आहे.

‘गटाचंही दोन टक्केच, मग सावकारात काय वाईट?’ गटातलं व्याज गटाच्याच पेटीत, म्हणजे सभासद बायकांकडेच परत येतं. सावकाराचं येत नाही.

‘आठवड्याच्या फायनान्सचं कर्ज आधी फेडलं तर दंड लागते.’ सूक्ष्मवित्त कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनी मनाई केली आहे. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील, तर असं नवं कर्ज देऊच नये, हाही त्यातलाच नियम आहे. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर त्रास द्यायचा नाही, हाही.

‘जामीनदाराची फक्त सही असते.’ भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

‘कर्जमाफी येणार, भरू नको.’ 2017 आणि 2019 च्या दोन्ही कर्जमाफ्या बँका आणि सोसायट्यांच्या शेती कर्जासाठी होत्या. गाडी, फायनान्स, गट आणि सावकार यांतलं एकही कर्ज त्यात बसलं नाही. उलट पीक कर्ज वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडतं. माफीची वाट बघत थकबाकीदार झालेला माणूस हे शून्य टक्क्याचं कर्ज गमावतो आणि पुढच्या पेरणीला शेकडा तीनकडे वळतो.

काटकसर ही विदर्भातल्या माणसाला शिकवायची गोष्ट नाही. ती त्याच्या हाडात आहे. शिकायचं आहे ते एवढंच, की पैसे घेण्याआधी देणाऱ्याला ‘वर्षाला किती?’ असं विचारायचं आणि उत्तर लिहून मागायचं. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांना आणि वित्त कंपन्यांना व्यक्तींना दिलेल्या नव्या मुदत कर्जासोबत सगळे शुल्क धरून वर्षाचा एकूण दर सांगणारं पत्रक द्यावंच लागतं. ते सहीच्या आधी मागून वाचा. जो देणारा वर्षाचा दर लिहून द्यायला तयार नाही, त्याचा पैसा घरात आणू नका.