रॉड हलका, तरी हात का भरून येतो?

पावसाळा सरला की नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयावर, लोहा तालुक्यातल्या लिंबोटी धरणावर, लातूरकडे मांजरेच्या बंधाऱ्यांवर गळ टाकून बसलेली माणसं दिसतात. बांबूची काठी, तंगूस, तरंगा, आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. काठी दगडाला टेकवायची आणि तरंग्यावर नजर ठेवायची. यात हाताला काम कमी आणि डोळ्याला जास्त. त्यामुळे काठी थोडी जड असली तरी कुणाचं बिघडत नाही.

फ्लाय फिशिंगमध्ये मात्र सगळा भार हातावर येतो. इथे गळाला आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली कृत्रिम माशी असते आणि तिला वजन जवळजवळ नसतंच. मग ती लांब जाणार कशी? दोरीच्या जोरावर. ही दोरी मुद्दाम जाड आणि वजनदार केलेली असते. रॉड मागे-पुढे झुलवून ती हवेत सरळ पसरवायची आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद टेकवायची. सकाळच्या दोन-तीन तासांत हा झोका शेकडो वेळा द्यावा लागतो. काश्मीरच्या आणि निलगिरीच्या ट्राउटच्या ओढ्यांवर ब्रिटिश काळापासून रुळलेला हा छंद आता मोबाइलच्या पडद्यावरून आपल्याकडच्या हौशी मंडळींपर्यंत पोहोचला आहे. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: सगळ्यात हलका रॉड कोणता? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. हात दमतो तो रॉडच्या वजनाने कमी आणि ते वजन कुठे आहे याने जास्त.

वजन किती, त्याआधी वजन कुठे

शेतात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फावडं पात्याजवळ धरून उचललं तर सहज उचललं जातं. तेच दांड्याच्या टोकाला धरून आडवं उचलायला गेलं की मनगट वाकतं. वजन तेवढंच, पण हातापासूनचं अंतर बदललेलं.

नऊ फुटी रॉड सुमारे पावणेतीन मीटर लांब असतो. मनगट हा आस धरू. मुठीच्या मागे ८ सेंटिमीटरवर १३० ग्रॅमचं रीळ बसवलं आहे. आता मुठीपासून अडीच मीटरवर, म्हणजे शेंड्याजवळ, कड्या आणि वार्निश मिळून फक्त १ ग्रॅम जास्तीचा आला असं समजा. एखादी वस्तू आसाभोवती फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट झालं की जोर चौपट लागतो. हिशोब मांडला तर शेंड्याकडचा तो एकच ग्रॅम मनगटावर रिळाच्या १३० ग्रॅमपेक्षा सातपटीहून अधिक भार टाकतो.

म्हणून डब्यावर ८० ग्रॅम छापलेला, पण शेंड्याकडे जड असलेला रॉड तासाभरात हात भरून आणतो. उलट ९५ ग्रॅमचा, पण शेंड्याकडे निमुळता आणि बारीक कड्यांचा रॉड सकाळभर चालवता येतो. जड रीळ लावून तोल साधता येतो हे खरं आहे, पण त्याने रॉड स्थिर धरणं सोपं होतं, झुलवणं नव्हे. शेंड्याचा भार तिथेच राहतो.

लांबीचंही तसंच आहे. जाडी आणि साहित्य तेच ठेवून काठी नऊ फुटांवरून साडेसात फुटांवर आणली, तर ती झुलवण्याचा भार जवळपास ४० टक्क्यांनी उतरतो. मात्र आखूड रॉडने दोरी दूरवर पाण्याबाहेर उचलून धरता येत नाही. खुल्या जलाशयावर काठावरचं गवत आणि झुडपं दोरीत अडकत राहतात. म्हणजे दीड फूट कमी केल्याने वाचलेले कष्ट दोरी सोडवण्यात जातात.

रॉडवरचा आकडा कशाचा?

फ्लाय रॉडवर ३, ५, ८ असे आकडे असतात. पुष्कळांना ते रॉडचं वजन वाटतं. तो दोरीचा नंबर असतो. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन किती, यावरून तो ठरतो. ३ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे साडेसहा ग्रॅम, ५ नंबरचे सुमारे ९ ग्रॅम आणि ८ नंबरचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतात. रॉड त्या वजनाला नीट वाकेल असा बनवलेला असतो.

जुळणी चुकली की शिक्षा हाताला होते. ५ नंबरच्या रॉडला ४ नंबरची दोरी लावली तर रॉड पुरेसा वाकत नाही, आणि जे काम रॉडच्या वाकण्याने व्हायला हवं ते खांदा करू लागतो. फार ताठ रॉडचंही असंच होतं. अशा रॉडला झोक्याची वेळ अचूक साधावी लागते. नवशिक्याला ती साधत नाही आणि तो जोर वाढवत नेतो. शिकणाऱ्याने मध्यापर्यंत वाकणारा, मध्यम लवचीक रॉड घ्यावा. त्यात दोरीचा ताण हाताला जाणवतो आणि पुढचा झोका कधी द्यायचा हे आपोआप कळू लागतं.

बांबू, काच आणि कार्बन

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून रॉड बनवायला सुरुवात झाली. त्या सुरुवातीच्या रॉडना लागणारा बांबू भारतातून, कलकत्त्याच्या बंदरातून जात असे. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. चिरलेल्या बांबूचा नऊ फुटी रॉड साधारण दीडशे ग्रॅमच्या घरात जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंचे रॉड आले आणि १९७० च्या दशकात विमान उद्योगासाठी विकसित झालेला कार्बन तंतू या छंदात उतरला. कार्बन तंतू काचतंतूपेक्षा हलका आणि ताठपणात सुमारे तिप्पट, म्हणून भिंत पातळ ठेवूनही रॉड उभा राहतो. आज ५ नंबरचा नऊ फुटी कार्बन रॉड ७० ते १०० ग्रॅममध्ये मिळतो.

म्हणजे हात वाचवायचा असेल तर कार्बन. पण बांबू टाकाऊ ठरत नाही. आखूड, सहा-सात फुटी बांबूच्या किंवा काचतंतूच्या रॉडला संथ लय असते आणि लहान ओढ्यावर ती सुखाची वाटते. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या लोदग्यात पाशा पटेल यांच्या पुढाकाराने बांबूची लागवड आणि बांबूच्या वस्तूंचं काम उभं राहिलं आहे. तिथल्या कारागिरांपैकी कुणी चिरलेल्या बांबूचा रॉड करून पाहिला, तर मराठवाड्यातल्या छंदाला मराठवाड्यातलंच साहित्य मिळेल. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

मूठ आणि मनगट

निम्मं दुखणं मुठीत असतं. बुचाची मूठ फार बारीक असेल तर बोटं ती आवळून धरतात आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू सतत ताणलेले राहतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं जे दुखणं डॉक्टर टेनिस एल्बो म्हणतात, त्याचं एक कारण असा घट्ट पकडलेला हात. मूठ हातात भरेल एवढी जाड हवी आणि पकड अशी हवी की शेजारच्याने ओढलं तर रॉड निसटेल. झोक्याच्या शेवटच्या क्षणी, रॉड थांबवताना तेवढं दाबायचं आणि लगेच सैल सोडायचं. अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला ठेवला की दिशा सरळ राहते.

कोपर अंगाजवळ ठेवा. हात खांद्यापासून उचलू नका. मागचा झोका घड्याळातल्या दोनच्या जागी थांबवा, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्या, मगच पुढे या. ही वाट पाहण्याची सवय लागली की निम्मा जोर आपोआप कमी होतो. एवढं करूनही कोपर दुखत राहिलं तर त्या दिवशी थांबा. दुखणं आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्या पाण्याला काय चालेल?

विलायती पुस्तकं ट्राउटसाठी लिहिलेली असतात. आपल्या जलाशयांत राहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, शिंगाळा असे मासे असतात. राहू आणि कटला कृत्रिम माशीला सहसा भुलत नाहीत. चिलापी आणि काठालगतचे छोटे चंदेरी मासे मात्र पाण्यावरचे किडे टिपतात. मरळ हा श्वासासाठी वर येणारा, पाणवनस्पतीत दबा धरणारा शिकारी. तो बेडकासारख्या तरंगत्या माशीवर झेप घेतो.

आपल्याकडच्या उघड्या जलाशयांवर वारा बराच असतो. ३ नंबरची हलकी दोरी वाऱ्यात मागे फिरते आणि माणूस जोर लावून दमतो. म्हणून एकच रॉड घ्यायचा असेल तर साडेआठ ते नऊ फुटी, ५ किंवा ६ नंबरचा घ्यावा. किनवट-माहूर भागातल्या ओढ्यांसाठी साडेसात फुटी, ४ नंबरचा पुरे. मरळसाठी ७ किंवा ८ नंबर लागतो आणि तो हाताला जडच पडतो. तिथे सकाळचा एक तास ठरवून जावं. पिल्लांच्या लालसर थव्यामागे फिरणारी मरळ दिसली तर तिला हात लावू नये, कारण मायबाप गेले की तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

पार्सल आल्यावर

आपल्याकडे बऱ्याच जणांना रॉड हातात न घेताच मागवावा लागतो. म्हणून परत पाठवण्याच्या मुदतीत घरीच पारख करा. रीळ आणि दोरी चढवून रॉड एका बोटावर तोला. तोल बुचाच्या पुढच्या टोकाशी आला तर उत्तम. पाच मिनिटं आडवा धरून ठेवा, मग मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून वीस मिनिटं झोके द्या. दुखणं मनगटात आलं तर शेंडा जड आहे. बोटं आखडली तर मूठ बारीक आहे. खांदा भरून आला तर दोरी जुळत नाही किंवा रॉड फार ताठ आहे. पैसे मोजके असतील तर रिळावर वाचवा. छोट्या माशांसाठी रीळ दोरी गुंडाळण्यापुरतंच लागतं. चांगल्या दोरीवर मात्र कंजुषी करू नका.

जिवाची आणि पाण्याची काळजी

कार्बनमधून वीज वाहते. आपल्या जलाशयांच्या काठाकाठाने कृषिपंपांच्या तारा गेलेल्या असतात, कुठे कुठे लोंबतही असतात. नऊ फुटी रॉड मागे झुलवण्याआधी डोक्यावर आणि पाठीमागे पाहा. वळवाचे ढग दाटले, गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जा. मराठवाड्यात वीज पडून माणसं दगावतात आणि उघड्या काठावर उभा कार्बन रॉड धरणं म्हणजे संकटाला बोलावणं.

जलाशयांतली मासेमारी सहसा मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने सहकारी संस्थांना दिलेली असते. या संस्था मत्स्यबीज सोडतात आणि त्यावर भोई कुटुंबांची चूल पेटते. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. संस्थांनी हौशी लोकांसाठी रोजचा पास सुरू केला तर त्यांनाही दोन पैसे मिळतील आणि पाण्यावर आणखी डोळे राहतील. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा प्रदेशात उरलेल्या डोहातला प्रत्येक मोठा मासा पुढच्या पावसाचं बियाणं असतो. गळाचा काटा चिमट्याने दाबून टाका आणि मासा ओल्या हाताने परत सोडा.

साठीतल्या निवृत्त शिक्षकाला, शाळकरी मुलीला, हाताच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला हा छंद जमू शकतो. त्यासाठी लागतो तो बाजारातला सगळ्यात हलका रॉड नव्हे, त्यांच्या हाताला जुळणारा रॉड. खरेदीचा क्रम तेवढा सोडू नका: आधी पाणी आणि मासा ठरवा, मग दोरीचा नंबर, मग लांबी, मग मूठ. ग्रॅम सगळ्यात शेवटी विचारा.